एक लायब्ररी, अनेक प्रकल्प: सामायिक कोडचा कारभार कसा लावायचा

चार ओपन सोर्स प्रकल्प आहेत. चौघांनाही नेटवर्कवरून काहीबाही आणावं लागतं, कॉन्फिगरेशन वाचावं लागतं, लॉग लिहावे लागतात. प्रत्येकाने आपापलं लिहिलंय आणि थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच बग आहेत. मग कुणीतरी म्हणतं, हे एकदाच नीट लिहून लायब्ररी, म्हणजे सगळ्यांनी वापरायचा सामायिक कोड, करून टाकू. कोड वेगळा काढायचं काम पटकन उरकतं. घोडं पेंड खातं ते नंतर. एका प्रकल्पाला एखादं फंक्शन बदलून हवं असतं, दुसऱ्याला ते आहे तसंच हवं असतं, आणि 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाचा हे कुठेच लिहिलेलं नसतं.

ती वेळ येण्याआधी काय काय ठरवून ठेवायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. माझं सगळं म्हणणं एकाच प्रश्नाभोवती फिरतं: बदलाचा खर्च कोण उचलणार? लायब्ररीतली एक ओळ बदलायला पाच मिनिटं लागतात. त्या ओळीवर विसंबलेल्या चार प्रकल्पांतली दुरुस्ती मात्र कुणाची तरी रविवारची सुट्टी खाते. बदलायचा अधिकार एकाच्या हाती आणि निस्तरायचं काम दुसऱ्याच्या माथी, अशी विभागणी झाली की भांडण ठरलेलं.

पायरी १: लायब्ररी खरंच हवी आहे का, ते तपासा

दोनच प्रकल्प असतील तर कोड सरळ कॉपी करा, असं मी सांगेन. ऐकायला वाईट वाटतं, पण कॉपी केलेल्या कोडचा मालक स्पष्ट असतो. ग्नू प्रकल्पाचं ग्नुलिब याच तत्त्वावर चालतं: त्याची नेहमीसारखी लायब्ररी इन्स्टॉल करायची नसते, हवी ती मॉड्यूल्स ग्नुलिब-टूल वापरून आपल्या सोर्समध्ये आणायची असतात. प्रत्येक मॉड्यूलचा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, नोंदवलेला असतो आणि कधी अद्ययावत करायचं ते वापरणारा ठरवतो.

कॉपीची दुसरी बाजू २००२ मध्ये दिसली. डेटा दाबून लहान करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी करण्याचा दोष सापडला. मूळ लायब्ररी दुरुस्त करणं सोपं होतं, पण असंख्य प्रोग्रॅम्सनी, अगदी लिनक्स कर्नेलनेही, झेडलिबच्या स्वतःच्या प्रती बाळगल्या होत्या. त्या एकेक शोधून काढाव्या लागल्या. म्हणून तिसरा प्रकल्प आला, किंवा कोड सुरक्षेशी संबंधित असला, की लायब्ररीचा विचार गंभीरपणे करा.

मधला मार्गही आहे. ओपनस्टॅक या क्लाउड-सॉफ्टवेअर प्रकल्पात सामायिक कोड सांभाळणाऱ्या ऑस्लो गटाने सुरुवातीला एक 'इनक्युबेटर' ठेवला होता. समाईक कोड तिथे राहायचा आणि एका स्क्रिप्टने तो वेगवेगळ्या प्रकल्पांत कॉपी व्हायचा. एपीआय (बाहेरच्या कोडने लायब्ररी कशी वापरायची तो करार) पक्का होईपर्यंत हे सोयीचं होतं. पण इनक्युबेटरमध्ये केलेली दुरुस्ती, कुणी आठवणीने स्क्रिप्ट चालवेपर्यंत, प्रकल्पांत पोचायचीच नाही. शेवटी एकेक तुकडा 'पदवीधर' करून त्यांनी ऑस्लो.कॉन्फिग, ऑस्लो.मेसेजिंग अशा स्वतंत्र लायब्ऱ्या काढल्या आणि इनक्युबेटर बंद केला. एपीआय अजून दर आठवड्याला बदलत असेल तर हा टप्पा जरूर घ्या, फक्त त्याला मुदत घाला.

याच पायरीवर आणखी एक कागद लिहायचा: लायब्ररीत काय येणार नाही. 'युटिल्स' किंवा 'कॉमन' नावाच्या लायब्ररीला कुंपण नसतं, तिथे काहीही येऊन पडतं. त्यात एक छुपी किंमत असते. एका प्रकल्पाच्या सोयीसाठी घेतलेली नवी डिपेंडन्सी (जिच्यावर विसंबायचं अशी दुसरी लायब्ररी) सगळ्यांच्या गळ्यात पडते. लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीईने २०१४ मध्ये आपली अवाढव्य केडीईलिब्ज फोडून केडीई फ्रेमवर्क्स ५ आणलं, तेव्हा तुकड्यांना स्तर दिले. पहिल्या स्तरातला तुकडा दुसऱ्या कुठल्याही फ्रेमवर्कवर विसंबणार नाही, दुसऱ्या स्तरातला फक्त पहिल्यावर विसंबू शकेल, अशी ही व्यवस्था. चार प्रकल्पांच्या लायब्ररीला एवढा पसारा लागत नाही, पण 'नवी डिपेंडन्सी म्हणजे मोठा निर्णय' एवढं वाक्य हवंच.

पायरी २: घर तटस्थ ठेवा आणि किल्ल्या वाटून द्या

लायब्ररी बहुतेक वेळा सगळ्यात मोठ्या प्रकल्पाच्या पोटातून निघते आणि तिचा रेपो (कोडचं भांडार) त्याच्याच खात्याखाली राहतो. बाकीचे प्रकल्प मग भाडेकरूसारखे वागतात: तक्रार करतात, पण भिंतीला रंग काढत नाहीत. रेपोसाठी वेगळं संघटना-खातं उघडायला काहीच लागत नाही. ते पहिल्याच दिवशी उघडा. डेस्कटॉपच्या जगात ग्नोम आणि केडीई ही दोन घराणी स्पर्धक असूनही २००० साली सुरू झालेल्या फ्रीडेस्कटॉपच्या छताखाली एकत्र आली. तिथे वाढलेली डी-बस ही प्रोग्रॅम्सना एकमेकांशी बोलू देणारी व्यवस्था दोघांनीही स्वीकारली. एकाच्या अंगणात ती वाढली असती तर दुसऱ्याने उचलली असती का, शंकाच आहे.

रेपोपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पॅकेज रजिस्ट्रीवरचा, म्हणजे जिथून सगळे लायब्ररी उतरवून घेतात त्या कोठारावरचा, प्रकाशनाचा अधिकार. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एका नावाच्या वादातून एनपीएम या जावास्क्रिप्टच्या रजिस्ट्रीवरून काढून घेतलं आणि जगभरचे बिल्ड धडाधड पडले. नंतर एनपीएमने प्रकाशित पॅकेज मागे घेण्यावर बंधनं घातली, पण मूळ मुद्दा राहतोच: किल्ली एकाच खिशात होती.

तेव्हा यादी करा. रजिस्ट्रीचं खातं, डोमेन, रिलीजवर डिजिटल सही करायच्या किल्ल्या, सीआयमधली (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेतली) गुपितं, सुरक्षेच्या तक्रारींचा ईमेल. प्रत्येकापुढे किमान दोन नावं हवीत आणि ती वेगवेगळ्या प्रकल्पांतली हवीत. दोन-टप्पी लॉगिन सक्तीचं. ही यादी वर्षातून एकदा प्रत्यक्ष लॉगिन करून तपासा, कारण कागदावर नाव असतं आणि माणसाचा फोन बदललेला असतो.

लायसन्सचं कामही आत्ताच उरका. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे २.० लायसन्सचा कोड 'फक्त जीपीएल आवृत्ती २' असलेल्या प्रकल्पात मिसळता येत नाही. म्हणजे चारपैकी एका प्रकल्पाचं लायसन्स तसं असेल आणि लायब्ररी अपाचेखाली काढली, तर तो प्रकल्प दारातच अडला. एमआयटी किंवा बीएसडी बहुतेक सगळ्यांना चालतं. नंतर लायसन्स बदलणं किती किचकट असतं ते ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीकडून कळतं: जुन्या योगदान देणाऱ्यांना शोधून संमती मागायची मोहीम त्यांना चालवावी लागली आणि २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून ते अपाचे २.० वर आले. प्रत्येक कमिटवर 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ घेतली तर कोड कुणी कुठल्या हक्काने दिला याची निदान नोंद राहते.

पायरी ३: निर्णय कोण घेणार

इथे थोडं थांबू, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते.

माणसांचे दोन गट करा. पहिला, मेंटेनर: रोजचा कोड तपासणारे, तो मुख्य कोडमध्ये मिसळणारे (मर्ज करणारे). दुसरा, प्रत्येक वापरकर्त्या प्रकल्पाचा एक प्रतिनिधी. ऑस्लोमध्ये असे संपर्क-प्रतिनिधी नेमायची पद्धत होती. या माणसाने लायब्ररीत कोड लिहिलाच पाहिजे असं नाही. 'हा बदल आला तर आमच्याकडे काय मोडेल' याचं उत्तर त्याने द्यायचं, आणि लायब्ररीकडच्या बातम्या आपल्या प्रकल्पात पोचवायच्या.

रोजच्या कामाला मौन-संमती पुरते. अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत ही पद्धत मुरलेली आहे: प्रस्ताव मांडायचा, साधारण ७२ तास थांबायचं, हरकत आली नाही तर पुढे जायचं. तिथे कोडमधल्या बदलाला नकाराधिकारही आहे, पण नुसतं 'नको' चालत नाही. तांत्रिक कारण द्यावं लागतं, नाहीतर तो नकार धरलाच जात नाही. रिलीजला मात्र नकाराधिकार लागू होत नाही. किमान तीन अधिकृत +१ (होकाराची) मतं आणि विरोधापेक्षा जास्त पाठिंबा असला की रिलीज निघतं. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते, कारण एका माणसाला वाईट कोड अडवता येतो, पण सगळ्यांचं रिलीज ओलीस धरता येत नाही.

वापरकर्त्या प्रकल्पांना किती अधिकार द्यायचा? काहीच दिला नाही तर ते चार हात लांब राहतात आणि एक दिवस फोर्क करतात, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढून चालवतात. पूर्ण नकाराधिकार दिला तर सगळ्यात सुस्त प्रकल्प सगळ्यांचा वेग ठरवतो. मी सुचवतो तो मधला तोडगा असा: हरकतीने वेळ मिळावा, कायमची स्थगिती मिळू नये. रेपोच्या मुळाशी 'गव्हर्नन्स' नावाची फाइल ठेवा आणि त्यात साधारण असा मजकूर घाला:

> वापर मोडणारा बदल १४ दिवस चर्चेसाठी खुला राहील. कुठल्याही नोंदणीकृत प्रकल्पाचा प्रतिनिधी त्याला हरकत घेऊ शकतो. हरकतीत तीन गोष्टी असाव्यात: काय मोडतं, बदलाशी जुळवून घ्यायला काय लागेल, आणि कधीपर्यंत. अशी हरकत आल्यास बदल एक रिलीज पुढे जाईल. त्याच कारणासाठी दुसऱ्यांदा थांबवायचं असेल तर प्रतिनिधींच्या बहुमताची गरज राहील. बदल सुचवणारी व्यक्ती नोंदणीकृत प्रकल्पांत दुरुस्तीचे पॅच पाठवेल.

शेवटचं वाक्य गाळू नका. 'जो मोडेल त्याने पॅच पाठवायचा' हा नियम लागला की निम्मे हौशी बदल आपोआप विरतात आणि जे उरतात ते खरोखर गरजेचे असतात. १४ दिवस का? ७२ तासांत स्वयंसेवक ईमेलही उघडत नाहीत कधीकधी. आणि सगळं बोलणं उघड, लेखी ठेवा. दोन मेंटेनरांनी खाजगी चॅटवर ठरवलेला निर्णय बरोबर असला तरी तिसऱ्या प्रकल्पाला तो कटच वाटतो.

पायरी ४: 'मोडणं' म्हणजे काय

सिमॅंटिक व्हर्जनिंग सगळ्यांना तोंडपाठ असतं: मोडणारा बदल असेल तर पहिला आकडा वाढवा, नवी सोय असेल तर दुसरा, दुरुस्ती असेल तर तिसरा. वाद 'मोडणारा' या शब्दावर होतो. एक उदाहरण जवळून बघू.

लायब्ररीत फाइल पाठवणारं एक फंक्शन आहे. त्याला टाइमआउट देता येतो, पण न दिल्यास ते अनंतकाळ थांबतं. एका वेब-सेवेच्या प्रकल्पाला याचा त्रास होतो, कारण अडकलेल्या कनेक्शनांनी त्यांचे थ्रेड संपतात. ते पॅच पाठवतात: टाइमआउट दिला नसेल तर ३० सेकंद धरा. ओळ एक, फंक्शनचं नाव तेच, पॅरामीटर तेच, सगळ्या टेस्ट हिरव्या. कुणीही याला 'बग दुरुस्ती' म्हणून तिसरा आकडा वाढवेल. आता दुसरा प्रकल्प बॅकअपचा आहे. तो मोठ्ठी फाइल पाठवतो आणि समोरचा सर्व्हर ती तपासून दोन मिनिटांनी उत्तर देतो. नव्या आवृत्तीनंतर त्यांचे बॅकअप पडायला लागतात, लॉगमध्ये फक्त 'कनेक्शन तुटलं' एवढंच दिसतं, आणि डिपेंडन्सीचा तिसरा आकडा बदलला असेल अशी शंका कुणालाच येत नाही.

तेव्हा नियम असा लिहा: दस्तऐवजात लिहिलेलं वर्तन किंवा न दिलेल्या पॅरामीटरचं मूल्य बदललं, तर तो मोडणारा बदल. फंक्शनचं नाव आणि पॅरामीटर तेच आहेत एवढ्यावरून निकाल लावू नका. वापरणारे खूप झाले की दस्तऐवजात नसलेल्या वर्तनावरही कुणीतरी विसंबलेलं असतंच. त्या सगळ्याची हमी देता येत नाही, पण ते तपासता येतं. तो भाग पाचव्या पायरीत.

हाच टाइमआउट नीट बदलायचा तर क्रम असा. आधी दुसरा आकडा वाढवणारं रिलीज: वर्तन जुनंच, पण टाइमआउट दिला नसेल तर डेप्रिकेशनची ('हे वर्तन पुढे जाणार आहे' अशी) सूचना निघेल, आणि त्या सूचनेत हाक मारणाऱ्या प्रकल्पाची ओळ दिसेल, लायब्ररीच्या आतली नाही. मग पॅच सुचवणारी वेब-सेवेची मंडळी उरलेल्या तीन प्रकल्पांत जाऊन टाइमआउट स्पष्ट लिहिण्याचे पॅच देतात. बॅकअपवाले दहा मिनिटं लिहितात, विषय संपतो. चौघांच्या नावापुढे खूण झाली की पहिला आकडा वाढवून मूल्य बदलायचं.

सूचना कुणाला दिसणार याचाही विचार करा. पायथॉनमध्ये डेप्रिकेशनच्या सूचना एरवी बहुतेक ठिकाणी दडवल्या जातात, पण टेस्ट चालवणारं पायटेस्ट त्या दाखवतं. हे योग्यच आहे, कारण अंतिम वापरकर्त्याला त्याचा काही उपयोग नाही. वापरकर्त्या प्रकल्पांनी मात्र आपल्या सीआयमध्ये तुमच्या लायब्ररीच्या सूचनांना त्रुटी मानावं, म्हणजे दुर्लक्ष होत नाही.

पहिला आकडा वाढवणं स्वस्त समजू नका. एका अॅप्लिकेशनमध्ये दोन घटक आहेत. एकाला तुमची २ री आवृत्ती हवी, दुसऱ्याला ३ री. एनपीएम दोन्ही शेजारी शेजारी बसवून देतं. रस्ट भाषेचं कार्गोही देतं, पण एका आवृत्तीचा टाइप दुसरीला चालत नाही. पायथॉनमध्ये एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये दोन आवृत्त्या नांदतच नाहीत, म्हणजे दोघांपैकी मागे पडलेला पुढे सरकेपर्यंत सगळेच अडकले. जावाच्या सामायिक लायब्ऱ्या सांभाळणाऱ्या अपाचे कॉमन्सने यावर ठाम उपाय केला: कॉमन्स लँगची विसंगत आवृत्ती काढताना पॅकेजचं नावच 'लँग३' केलं, त्यामुळे जुनी-नवी एकत्र नांदू शकतात. गो भाषेने तर दुसऱ्या आवृत्तीपासून आकडा मॉड्यूलच्या मार्गातच लिहायचा नियम केला. तुमच्या भाषेत हे शक्य असेल तर करा. नसेल तर मोठी रिलीजं दुर्मीळ ठेवा आणि मोडणारे बदल साठवून एकदम सोडा.

पायरी ५: वापरणाऱ्यांच्या टेस्ट चालवा

लायब्ररीच्या स्वतःच्या टेस्ट फक्त मेंटेनरला काय वाटतं ते सांगतात. रस्टच्या गटाकडे क्रेटर नावाचं साधन आहे. कंपायलरमधल्या जोखमीच्या बदलासाठी ते सार्वजनिक क्रेट्स (रस्टची पॅकेजं) बिल्ड करून बघतं. डेबियन या लिनक्स वितरणात एखादं पॅकेज 'टेस्टिंग' या शाखेत जाताना त्यावर विसंबलेल्या पॅकेजांच्या स्वयंचलित चाचण्याही (ऑटोपीकेजीटेस्ट) चालवल्या जातात, आणि तिथे काही बिघडलं तर वाट अडते.

तुमच्यासाठी याचं छोटं रूप पुरे. रेपोत 'वापरकर्ते' नावाची फाइल ठेवा. त्यात प्रकल्पाचं नाव, प्रतिनिधी आणि टेस्ट चालवायची एक कमांड. रोज रात्री सीआयने मुख्य शाखेची लायब्ररी घेऊन प्रत्येक प्रकल्पाच्या टेस्ट चालवाव्यात. दर पुल रिक्वेस्टवर (बदल घ्या अशा विनंतीवर) हे चालवू नका, लोक कंटाळतात. रिलीजच्या आधी मात्र सगळं हिरवं हवं.

आणि हो, बाहेरच्या टेस्ट स्वतःच्या कारणानेही लाल होतात. एखाद्या प्रकल्पाची टेस्ट लायब्ररीशी संबंध नसताना लाल राहिली, तर प्रतिनिधीला कळवा, दोन आठवडे थांबा आणि तिला रिलीजच्या अटीतून काढा. दुरुस्त झाली की परत घ्या. नोंदणी म्हणजेच हक्क, हेही इथेच ठरतं: यादीत नाव आणि चालणारी टेस्ट असेल तर हरकतीचा अधिकार. बाहेरून येऊन नुसते सल्ले देणाऱ्या उंटावरच्या शहाण्यांचं ऐका जरूर, पण त्यांच्यासाठी रिलीज थांबवू नका.

पायरी ६: सुरक्षा आणि रिलीज

दोष कळवायचा खाजगी मार्ग एका फाइलमध्ये लिहून ठेवा. तो वाचणारे दोघे तरी असावेत. दुरुस्ती जाहीर होण्याआधी कुणाला सांगायचं याची यादी शांततेच्या काळात करा: नोंदणीकृत प्रकल्पांचे प्रतिनिधी, बस्स. यादी वाढली की गुपित राहत नाही.

पहिली दुरुस्ती शेवटची असेल असं धरू नका. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग लिहिणाऱ्या लॉग४जे या जावा लायब्ररीतला दोष उघड झाल्यावर २.१५.०, २.१६.० आणि २.१७.० अशी रिलीजं काही दिवसांच्या अंतराने काढावी लागली. तेव्हा रिलीज काढणं ही एका आज्ञेची गोष्ट असली पाहिजे, आणि ती दोन-तीन जणांना जमली पाहिजे.

रिलीज कुणाच्या लॅपटॉपवर बनवू नका. टॅगवरून सीआयमध्येच बनू द्या. २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे चोरून आत शिरायची वाट, सापडलं. ते उघडणारी बिल्डची एक फाइल रिलीजच्या टारबॉलमध्ये (उतरवून घ्यायच्या सोर्सच्या गठ्ठ्यात) होती, गिट रेपोत नव्हती. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ते दिसलं. नशीबच म्हणायचं.

पायरी ७: माणसं येतात, जातात

२०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजच्या थकलेल्या मेंटेनरने ते मदतीला आलेल्या अनोळखी माणसाच्या हाती दिलं. त्याने बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड एका नव्या डिपेंडन्सीतून आत आणला. एक्सझेडमध्येही तसंच, फक्त तिथे विश्वास कमवायला दोन वर्षांहून अधिक काळ घालवला गेला, आणि एकट्या मेंटेनरवर 'नवा माणूस घ्या' असा दबावही आणला गेला.

सामायिक लायब्ररीचा इथे एक फायदा आहे: वारस शोधायला बाहेर जावं लागत नाही. हस्तांतराचा नियम लिहा की नवा मेंटेनर आधी वापरकर्त्या प्रकल्पांतूनच यावा. बाहेरचा असेल तर त्याला मर्जचा अधिकार आधी आणि प्रकाशनाचा बऱ्याच नंतर मिळावा. सहा महिने हालचाल नसलेल्या मेंटेनरचे अधिकार गोठवा. त्याला निवृत्त मेंटेनर म्हणून मानाने यादीत ठेवा आणि परत यायचं असेल तर एका ईमेलवर परत घ्या. हे आधी लिहिलेलं असलं की कुणाचा अपमान होत नाही.

पैशांविषयी थोडक्यात. हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला दोष २०१४ मध्ये उघड झाला, तेव्हा अर्ध्या इंटरनेटचा भार वाहणाऱ्या ओपनएसएसएलवर काम करणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनने मोठ्या कंपन्यांकडून निधी गोळा केला. छोट्या लायब्ररीला निधी मिळेलच असं नाही, पण प्रत्येक प्रकल्पाने आपल्या माणसाचा ठराविक वेळ लेखी द्यावा. वेळ न देणारा प्रकल्प वापर करू शकतो. हरकतीचा हक्क मात्र त्याने सोडला असं समजा.

पायरी ८: बंद करायची वाट

अपाचे कॉमन्सने आपल्या घटकांचे तीन कप्पे केले: प्रॉपर (वापरायला तयार), सँडबॉक्स (प्रयोगातले) आणि डॉर्मंट (झोपलेले). झोपलेल्या घटकाला झोपलेला म्हणणं यात लाज नाही; चालू असल्याचं भासवणं जास्त धोक्याचं. दोनच वापरकर्ते उरले, किंवा दोन रिलीजांसाठी प्रकाशन करायला माणूस मिळाला नाही, की प्रतिनिधींनी बंद करण्यावर मत घ्यावं, अशी अट फाइलमध्ये घाला.

बंद करताना शेवटची आवृत्ती काढा, तिच्या वर्णनात पर्यायाचं नाव द्या, आणि गंभीर सुरक्षा-दुरुस्त्या कुठल्या तारखेपर्यंत मिळतील ते लिहा. ज्या प्रकल्पाला अजून कोड लागतोय त्याने तो लायसन्ससकट आपल्या रेपोत घ्यावा. इश्यू बंद करा, रेपो फक्त वाचण्यापुरता ठेवा. रजिस्ट्रीवरचं पॅकेज काढू नका, डेप्रिकेटेड अशी खूण करा. आणि नाव, डोमेन, प्रकाशनाचं खातं सोडून देऊ नका. मोकळ्या झालेल्या नावावर दुसऱ्याने काहीही प्रकाशित केलं, तरी जुन्या बिल्ड-फाइल्स ते मुकाट्याने उतरवून घेतील. डोमेनच्या नूतनीकरणाची जबाबदारी कुठल्या प्रकल्पाची, तेवढं मात्र बंद करण्याच्या ठरावातच नावानिशी लिहा.